पाणी मागे गेलं ती सकाळ

माझ्या सासूबाई समुद्रावर कधी यायच्या नाहीत. आम्ही अंधेरीला राहायचो, वर्सोव्याची बस दारावरून जायची. रविवारी मुलगी हट्ट धरायची, मग मी आणि हे तिला घेऊन निघायचो. त्या घरी थांबायच्या. वाळूत चालून पाय दुखतात म्हणायच्या, आणि आम्हालाही ते पटायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत भूगोल शिकवायचे. एका संध्याकाळी भूकंपाचा धडा काढून बसले होते, तर मुलीने विचारलं, समुद्राच्या खाली भूकंप झाला तर काय होतं? मी पत्र्याची जुनी परात दोन पाटांवर टेकवली, पाणी भरलं आणि खालून बुक्की मारली. पाणी हिंदकळून लादीवर सांडलं. अशाच मोठाल्या लाटा जपानकडे येतात, त्यांना त्सुनामी म्हणतात, असं तिला सांगितलं.

ओट्याशी भाजी निवडणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले.

"पाणी आधी मागे जातं का गं?"

"कधी कधी जातं. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी नातीकडे पाहिलं. मुलगी खाली खेळायला गेली तेव्हा सांगायला बसल्या.

लग्नाआधी त्यांचं बिऱ्हाड वर्सोव्याला होतं. वडील मूळचे कोकणातले, वर्सोव्यातल्या एका बंगल्यावर माळी होते. स्वातंत्र्याच्या थोडं आधीची, थंडी सुरू होतानाची सकाळ. वडील सासूबाईंच्या धाकट्या भावाला घेऊन मासळी आणायला किनाऱ्यावर गेले होते. पाणी अवेळीच लांबवर ओसरलं. उघड्या पडलेल्या रेतीत मासे तडफडत होते. भाऊ ते गोळा करायला धावला आणि वडील कौतुकाने बघत राहिले. मग पाणी परत आलं. भरती चढते तसं नाही, सगळं एकदम चालून आलं. वडील एका होडीचा दोर धरून वाचले. भाऊ सापडला नाही.

वारा नव्हता, पाऊस नव्हता. कुणालाच अर्थ लागेना. आईने आपल्यापुरता लावला: यांनी पोराकडे लक्ष दिलं नाही. सासूबाईंनीही तेच धरलं. पुढे माहेरी जायच्या, पण वडिलांशी कामापुरतंच बोलायच्या. ते गेले तेव्हा रडू आलं नाही, असं त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं.

पुढल्या आठवड्यात मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना भेटून हे सांगितलं. ते म्हणाले, खरं आहे. कराचीच्या पलीकडे, मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला होता, आणि त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईला पोचल्या होत्या. घरी येऊन मी सासूबाईंपुढे नकाशा उघडला. कराचीपासून मुंबईपर्यंत त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"एवढ्या लांबून आलं? मग इथे कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच कळलं नसतं, आई. तेव्हा कळवायची सोयच नव्हती."

"आणि आता?"

"आताही नाही."

मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. उलट त्यांचं जेवण कमी झालं, दुपारी नुसत्या भिंतीकडे बघत पडून राहायच्या. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं हे एकदा मला म्हणालेही. मलाही तसं वाटायला लागलं होतं. मग एक दिवस कपडे वाळत घालताना त्या आपणहून बोलल्या.

"बाबांना कुणी विचारलंच नाही गं, कसं झालं म्हणून. आम्ही नुसतं ठरवून टाकलं. आणि तेही कधी बोलले नाहीत. त्यांनाही तसंच वाटत असेल, आपलंच चुकलं."

मी चिमटे देत राहिले.

नंतरच्या एका रविवारी, आम्ही निघताना त्यांनी चपला घातल्या. किनाऱ्यावर कोरड्या जागी बसल्या आणि नातीला आपल्या भावाच्या गोष्टी सांगायला लागल्या. तो कोंबड्यांना घाबरायचा, त्याला शीळ घालता येत नव्हती तरी दिवसभर प्रयत्न करायचा. असा कुणी होता, हे माझ्या नवऱ्यालाही तोवर नीट माहीत नव्हतं. तेही वाळूत मांडी घालून ऐकत बसले.

धडा शिकवताना मी पुस्तकात नसलेलं एक वाक्य मुलांना सांगायला लागले. पाणी एकाएकी लांब गेलं, तर बघत थांबू नका, उंचावर पळा. परीक्षेला येणार का, असं मुलं विचारायची. मी नाही म्हणायचे, आणि पुन्हा एकदा सांगायचे.