शेवग्याला टांगलेला फोन

कुसाबाईच्या मळ्यात रेंज मिळायची ती फक्त शेवग्यापाशी. घरात नाही, विहिरीवर नाही, झेंडूच्या वाफ्यात तर नावालाही नाही. म्हणून तिचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, शेवग्याच्या फांदीला टांगलेला असे. मोबाईल कंपनीला ती रोज शिव्या घाली. "मढं बशिवलं हिचं! रिचार्ज गिळती अन् मुकी बसती." आजूबाजूच्या मळ्यांनी कधीच दुसरी कंपनी धरली होती.

तिचा नवरा रंगनाथ पहाटे फुलांचे क्रेट घेऊन नाशकात जायचा. माल खपला की निघताना दोन रिंगा द्यायचा आणि कट करायचा. म्हणजे, भाकरी टाक, आलोच. फोन उचलायचा नाही, हा दोघांचा ठराव. पण त्या रिंगा वेळेवर पोचतील तर शपथ! कित्येकदा रंगनाथ दारात पाय धूत असायचा आणि तेव्हा कुठे फोनवर मेसेज यायचा, मालकांचा मिस्ड कॉल होता म्हणून. कुसाबाई खो खो हसायची. "माणूस आधी अन् सांगावा मागून! पण येतो बरं का. बुडवत नाय." इतकी वर्षं वापरून तिनं कंपनीला असं जोखलं होतं.

मग गेल्या दसऱ्याच्या तोंडावर रंगनाथ फुलबाजारात, रिकाम्या क्रेटवर बसल्या बसल्या कोसळला आणि गेला. हातातल्या फोनचा चुराडा झाला, आतलं सिम तेवढं शाबूत राहिलं; ते कुसाबाईनं पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. माल तर सगळा खपला होता. म्हणजे रिंगा दिल्या असतील की नाही? शेवटच्या घडीला त्यांना आपली आठवण झाली होती का? हा एकच प्रश्न कुसाबाईला आतून कुरतडू लागला. मेसेज आला नव्हता. आला नाही, म्हणजे वाटेत असेल. ती रोज जाऊन पिशवी चाचपायची. वाऱ्यानं पिशवी सळसळली तरी ती हातातलं टाकून धावायची. रंगनाथचा नंबर बंद पडू नये म्हणून त्यालाही ती रिचार्ज मारून घ्यायची.

मुलगा सोमनाथ पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजात कामाला. त्याला आईचा फोन कधी लागायचाच नाही. तो वैतागला. "आई, तू तापानं फणफणली होतीस अन् मला दुसऱ्या दिवशी कळलं. नंबर हाच ठेवू, कंपनी बदलू."

"अन् तुझ्या दादांचा सांगावा अडकलाय, त्याचं काय? कंपनी सोडल्यावर ती कशाला दील?"

सोमनाथनं कपाळावर हात मारला. वर्षभरानं असा मेसेज येत नसतो, हे तिला कोण सांगणार?

शेवटी त्यानं मनाशी एक घाट घातला. यंदा दसऱ्याच्या बाजाराला फुलं घेऊन तोच निघाला. निघताना देव्हाऱ्यातली दादांच्या सिमची पुडी गुपचूप खिशात टाकली. बाजारात पोचल्यावर सिम आपल्या फोनमध्ये घालायचं, आईला दोन रिंगा द्यायच्या. तिचा जीव निवला की कंपनी बदलायची. खोटं तर खोटं!

पण दादा जिथे कोसळले तिथेच क्रेट उतरवले, आणि त्याचा हात खिशावरच थांबला. आईला असं फसवायचं? छे, नाही जमलं. माल खपला तसा तो नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून वाट काढत घरी आला.

दारातच भाकरीचा खरपूस वास आला. कुसाबाई चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसत होती, आणि हसत होती.

"दिल्या रे त्यांनी. दोन रिंगा. मी वाफ्यातून पळत गेले, तोवर कट. भाकरी टाकली बघ लगेच."

तिनं फोन पुढे केला. मिस्ड कॉल होता. नाव होतं, मालक.

सोमनाथनं खिशातली पुडी बाहेर काढली. सिम आत होतं. पुडीचा दोरासुद्धा सुटला नव्हता.

"आता बदल तुझी कंपनी," कुसाबाई म्हणाली. "माझं अडलेलं आलं."

तो उठला, फोन पिशवीत घातला आणि शेवग्याला टांगून आला.

"नको, आई," तो म्हणाला. "हीच राहू दे."