पिवळं गाव

"आई, खरं सांग. गाव तूच लाल केलंस ना?"

"लाल झालं असेल तर त्याला काही कारण असेल." राजदूतबाईंनी कांद्यावरची नजर काढली नाही.

"तेच शोधतेय सकाळपासून. गोळीबार नाही, दंगल नाही, साधा मोर्चासुद्धा नाही. कालपर्यंत पिवळं होतं, आज लाल. आणि संस्थेचा मला निरोप, नेमणूक रद्द."

"मग दुसरीकडे बघ. तुझ्या वर्गातली ती उंच मुलगी बँकेत लागली ना? परदेशी व्यापाराच्या खात्यात. काय वाईट आहे?"

"तू तरी लागलीस का बँकेत?"

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "अगं, रंगावरून एवढं काय भांडताय? पडदे घेताय का?"

"पडदे नाहीत गं आई, नकाशा," राजदूतबाईंचा नवरा दारातूनच म्हणाला. बायको आणि लेक यांच्यामध्ये पडायचं नाही, हे शहाणपण त्याला फार पूर्वीच आलं होतं.

राजदूत हे राजदूतबाईंचं घरातलं नाव. आंतरराष्ट्रीय संबंध विषयाची पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या वडिलांनी गल्लीभर सांगितलं होतं, आमची मुलगी राजदूत होणार. नाव चिकटलं, पद नाही. परराष्ट्र सेवेची परीक्षा त्यांनी दोनदा दिली. दुसऱ्या वेळी मुलाखतीपर्यंत गेल्या, तर पलीकडच्या गृहस्थांनी करारमदारांबद्दल एक प्रश्न विचारला आणि तान्ह्या मुलीला कोण सांभाळणार याबद्दल चार. मग परदेशी वर्तमानपत्रांची भाषांतरं झाली, कॉलेजात तासांवर शिकवून झालं, आणि शेवटी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात त्या टेकल्या. माणसं कुठे पाठवावीत आणि कुठे नाही, हे कंपन्यांना आणि मदतसंस्थांना सांगणारं ते ऑफिस. हिरवं म्हणजे खुशाल जा. पिवळं म्हणजे जपून जा. लाल म्हणजे जाऊ नका, आणि असाल तर निघा. अर्ध्या जगाचे रंग राजदूतबाईंच्या हातात होते. स्वतः त्यांनी एकदाही सीमा ओलांडली नव्हती. "आमच्या राजदूत बाजारात जातात, त्यासुद्धा पिशवी विसरून," असं सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

लेकीनं हाच विषय घेतला तेव्हा राजदूतबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. तेव्हा त्या निर्धास्त झोपत असत.

मग त्या पंप बसवणाऱ्या इंजिनिअरचं प्रकरण झालं.

बाहेर गेलेल्या प्रत्येकानं रोज संध्याकाळी फोन करून ठीक असल्याचं सांगायचं, असा ऑफिसचा नियम. या गावाच्या भागातले फोन राजदूतबाई घेत. इंजिनिअर दोन वाक्यं बोले, मागे कुठेतरी कोंबडा अवेळी आरवे, आणि तो म्हणे, "बरं, ठेवतो मग." गावाकडे जाणारा खालचा रस्ता राजदूतबाईंनीच पिवळा ठेवला होता; कित्येक महिने तिथे काहीही घडलं नव्हतं. एका संध्याकाळी फोन आला नाही. पुढे गाडी सापडली. चारही दारं उघडी, सीटवर जेवणाचा डबा, झाकणसुद्धा न काढलेला. माणूस सापडलाच नाही. राजदूतबाईंना कोणी बोल लावला नाही. साहेब तर म्हणाले, तुमच्या अहवालात कुठेही चूक नव्हती. तेच त्यांना सोसलं नाही.

तेव्हापासून या घरात फोनवर "ठेवतो" किंवा "ठेवते" म्हणायची सोय राहिली नाही. नवऱ्याच्या तोंडून एकदा निघून गेलं, तर राजदूतबाईंच्या हातून आमटीचं भांडं सुटलं. आता सगळे "हं, हं" करत फोन लोंबकळत सोडतात आणि नातेवाइकांना वाटतं, ही माणसं आपल्याला टाळतात. राजदूतबाई तर फोन आधी बंदच करत नाहीत. समोरच्यानं केला तरी कानाला लावून उभ्या राहतात. कोणीतरी अजून तिथे असतं. श्वास घेतं. रस्ता कसा आहे, ते आपण सांगू म्हणून थांबलेलं असतं.

पुढे त्यांनी रस्ता लाल केला आणि गाव पिवळं ठेवलं. गावात खरंच शांत होतं. मदतसंस्थेचं रुग्णालय चालू होतं आणि शनिवारच्या लहान विमानानं माणसं येत-जात होती. त्याच रुग्णालयाच्या कार्यालयात लेकीची नेमणूक झाली. काल दुपारी सगळे जेवायला गेल्यावर राजदूतबाईंनी "विश्वसनीय सूत्रांकडून माहिती" एवढंच लिहिलं आणि गाव लाल केलं. महिनाभराचा तर प्रश्न, असं त्यांनी मनाला समजावलं. मग गाव पुन्हा पिवळं होईल आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीला.

"आई, मी बोलतेय तुझ्याशी!" लेकीनं पातेल्यावर झाकण आपटलं. "तू मला अडवलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, झालं असतं. तू अख्खं गाव अडवलंस. रुग्णालयाला कुलूप लावायला सांगितलंय. तिथली माणसं निघताहेत."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

राजदूतबाईंनी सुरी खाली ठेवली. दुपारी तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन आला होता. "बाई, तुम्हाला तिथून असं काय दिसलं? आम्हाला तर इथे बसून काहीच दिसत नाही," ते हसत म्हणाले होते. राजदूतबाई म्हणाल्या होत्या, माहिती आली आहे. "तुम्ही म्हणता तर असेल. उद्या उजाडताच निघतो आम्ही पाचजण." आणि मग, अगदी सहज, "बरं, ठेवतो मग."

त्यानंतर त्या किती वेळ फोन धरून उभ्या होत्या, कोण जाणे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं येऊन तो हातातून काढून घेतला. घरी येताना जिन्यात त्यांना मागून पावलं ऐकू येत होती. त्या थांबल्या की थांबायची, चालल्या की चालायची. किल्ली फिरवताना त्यांनी मागे पाहिलं नाही.

"आई?" लेकीचा आवाज खाली आला. "ते येणार कसे? लाल गावात विमान उतरत नाही ना?"

"नाही." तो नियम राजदूतबाईंनीच लिहिला होता.

"मग?"

"खालच्या रस्त्यानं."

नवरा दारातून आत आला. या घरात तो रस्ता कोणाला माहीत नव्हता असं नाही.

"अगं, मग त्यांना फोन कर. थांबा म्हणावं," नवरा म्हणाला.

"मी म्हटलं तर ते थांबतील. पण संस्था थांबू देणार नाही, लाल आहे तोवर." बोलताना त्या बेसिनजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत होत्या. स्टुलावर कोणी नव्हतं. तरी त्यांनी वाट सोडल्यासारखं अंग चोरलं, गॅस बंद केला, हात धुतले आणि खुंटीवरची पर्स घेतली.

"मी ऑफिसला जातेय," त्या म्हणाल्या. "गाव पुन्हा पिवळं करून येते. लाल का केलं होतं, तेही साहेबांच्या घरी जाऊन सांगते. उद्यापासून मला नोकरी नसेल. ही शनिवारच्या विमानानं जाईल. पोचल्याचा फोन येईल तो तुम्ही घ्यायचा. मी घेणार नाही."