साबण-तुरटीचा तंबू

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी मी गहू निवडत बसले होते, तेव्हा हे म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत आपण सायकलींवरून दौंडला जाऊ. अक्काकडे."

माझा हात सुपातच थांबला. ह्यांना सॅनेटोरियममधून घरी येऊन सातच महिने झाले होते. क्षय बरा झाला असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, थुंकी तीनदा तपासून झाली होती. तरी ह्यांना परत शिकवायला घेण्याबद्दल हायस्कुलानं "जूनमध्ये बघू" असं कळवलं होतं आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी शिरूरलाच, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या तोंडी घोडनदीला, मुलींच्या शाळेत शिकवत होते. पुण्याला ट्रेनिंगला असताना सायकल शिकले होते, ती गावातही चालवायचे. लोक बघायचे, पण त्याची सवय झाली होती.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. दिवसाला पंधरा मैल, सपाट रस्ता आणि दम लागला की उतरायचं. वाटेत दोन मुक्काम."

"मुक्काम कुठे करायचे?"

त्यांनी माझ्या सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाले, "कुणाच्या ओसरीवर नाही. तंबू घेऊ."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगतीत ह्यांचं पान शेवटी, एक हात सोडून मांडलं होतं, आणि चहा आला त्या कपाच्या कानाला काळा दोरा बांधलेला होता. पुन्हा कुणाला त्यातून चहा जाऊ नये म्हणून. ह्यांनी चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि त्यानंतर कुणाच्या घरी पाऊल टाकलं नाही.

म्हणून मी नको म्हणू शकले नाही. पण त्या दिवसापासून एकच काळजी लागली. थंडीचे दिवस, नदीकाठचं दव, त्यात एखादी सर आली तर? घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाकी काही करा, पण ह्यांना ओलीत निजू देऊ नका.

बेत कळवायला ह्यांनी अक्काला, म्हणजे माझ्या वन्संना, पत्र टाकलं. वन्सं दौंडला रेल्वेच्या चाळीत राहायच्या, त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. आठ दिवसांनी उत्तर आलं ते यजमानांचं, आणि त्याबरोबर एसटीच्या टपावरून भलं मोठं बोचकं. पत्रात लिहिलं होतं, "घर लहान, मुलं लहान. माझा शिकारीचा तंबू पाठवत आहे. वाटेत उपयोगी पडेल, आणि इथेही मागच्या अंगणात तुम्हांला मोकळं वाटेल."

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि फळीवर ठेवलं.

मला मात्र तो तंबू बघून धीर आला, खोटं कशाला सांगू? जाड पांढरं कॅनव्हास, दुहेरी शिवण, लोखंडी खुंट्या. त्यातून पाणी आत येईल असं वाटेचना. वाण्याच्या तागडीत घातला तर सोळा किलो भरला. तेव्हा शेर जाऊन किलो नुकतेच आले होते, वाण्यालाही हिशेब जमेना, पण जड आहे हे सांगायला त्याची गरज नव्हती.

"हा मी नेणार नाही," हे म्हणाले.

"जड म्हणून, की त्यांनी पाठवला म्हणून?"

"दोन्ही."

मग आमची शोधाशोध सुरू झाली. मांडववाल्याकडच्या ताडपत्र्या वजनाला गार्डच्या तंबूच्याही वर होत्या. छत्रीचं काळं कापड हलकं, पण तेवढं कापड घ्यायचं तर माझा निम्मा पगार गेला असता. शेवटी आम्ही बाजारपेठेतल्या शिंपीचाचांकडे गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्या मशीन चालत होती. सदरे-लेंगे ते शिवायचेच, शिवाय टांग्यांचे टप आणि ईदगाहच्या कनातीही त्यांच्याच हातच्या असायच्या.

त्यांनी ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. "मास्तर, दोन माणसं निजतील येवढाच करू. उभं राहायचं न्हाई, रांगत जायाचं. मांजरपाट घ्या, घट्ट विणीचा. आन् पाण्याचं काय?"

"ते माझ्याकडे लागलं," हे म्हणाले. ह्यांचा विषय रसायन. कापड आधी साबणाच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात बुडवलं की धाग्यांवर पाणी न धरणारा थर बसतो, असं ते मला घरी येईपर्यंत समजावत होते. आजारपणानंतर इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या रविवारी चाचांनी शिवून दिलेला तंबू आम्ही घंगाळात बुडवला, पिळला, तुरटीच्या पाण्यातून काढला आणि दोरीवर वाळवला. अंगणात बांबूच्या दोन काठ्यांवर ताणला. चाचा मुद्दाम बघायला आले होते. ह्यांनी झारीनं वरून पाणी सोडलं. अळूच्या पानावरून ओघळावं तसं ते घरंगळून गेलं. हे लहान मुलासारखे हसले.

मी आत रांगत गेले आणि वरचं कापड कोरडं आहे ना म्हणून बोट लावून बघितलं. बोट काढलं तर तिथूनच थेंब टपकला, पाठोपाठ दुसरा.

"गळतंय!"

"बाई, आतून हात लावायचा न्हाई," चाचा बाहेरून ओरडले. "छत्रीलाबी आतून बोट घासलं तर ठिपकतीच की."

त्यांचं खरं असेल. पण अंग चोरून, कापडाला न लागता रात्रभर निजायचं कसं? ह्यांना खोकला आला आणि ते उठून बसले तर? तंबूचं वजन चार किलोच्या आत होतं, पण माझ्या डोक्यात तो थेंबच राहिला.

मनाशी ठरवलं, गार्डचा तंबू माझ्या सायकलीवर न्यायचा. ह्यांना वजन नको, अपमान नको. पण मला काय त्याचं? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ह्यांना न सांगता मी तो कॅरिअरला करकचून बांधला आणि नदीच्या पुलाच्या दिशेनं निघाले. सरळ रस्त्याला निभावलं. उताराला मात्र मागचं ओझं डुलायला लागलं, पुढचं चाक हलकं झालं, ब्रेक दाबला तशी सायकल आडवी झाली आणि मी खडीवर. गुडघा फुटला, पातळ फाटलं. कांद्याच्या गाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं उतरून मला उठवलं. "मढं बांधलंय का काय म्हागं?" तो म्हणाला.

मी सायकल ढकलत परत आले. गुडघ्याला हळद दाबली आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मांजरपाटाचाच नेऊ."

ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. शिकारीचा तंबू एसटीनं दौंडला परत गेला. त्याबरोबर काय लिहावं ह्यावर ह्यांनी चार कागद फाडले आणि शेवटी फक्त आभार मानले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. पहिला मुक्काम न्हावऱ्याच्या अलीकडे, आंब्याखाली. पहाटे जाग आली तर आतून सगळं कापड ओलसर. मी ह्यांना हलवून उठवलं. हे म्हणाले, "अगं, बाहेरचं नाही हे. आपलाच श्वास आहे, थंडीनं पाणी झालेला." मी मान हलवली, पण ह्यांच्या पांघरुणाचं एकेक टोक चाचपून बघितलं.

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडताना नावाड्यानं आमच्या सायकली होडीत आडव्या घातल्या. पलीकडे पोचेपर्यंत ऊन गेलं होतं. खुटबावच्या शिवारात शिरलो तर दक्षिणेकडून काळं आभाळ चढत होतं. पुढे रेटावं तर हे दमलेले दिसत होते. ते म्हणत नव्हते, पण प्रत्येक वळणाला उतरत होते. एका विहिरीजवळ बाजरी काढलेला तुकडा रिकामा होता. मळेकऱ्याला विचारून तिथेच तंबू ठोकला. साठीच्या घरातला, अंगानं काटक माणूस होता.

"कुठलं पाव्हणं?"

"घोडनदीचे. मास्तर आहे मी."

"आभाळ भरलंय न्हवं. कापडात काय निजता? घराकडं चला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणावं. आजची रात्र तरी. पण हे उभे राहून सरळ म्हणाले, "आबा, मला क्षय होता. आता बरा आहे. पण न सांगता तुमच्या घरात येणार नाही."

आबांनी खांद्यावरची कुदळ खाली टेकवली. "घरात नातवंडं हायती," ते म्हणाले, "तवा चला म्हणवत न्हाई. खोटं कशाला बोलू?" आणि पाठ फिरवून बांधावरून चालू लागले.

मला भयंकर राग आला. आबांचा नव्हे, ह्यांचा. "कुणी विचारलं होतं तुम्हांला?"

"उद्या कळलं असतं तर?" एवढंच म्हणून ते आत गेले.

दिवेलागणीला पाऊस आला, वाऱ्यासकट. आम्ही मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. वरचं कापड ढोलासारखं वाजत होतं. पाणी आत येत नव्हतं, मात्र मधल्या शिवणीतून एका जागी थेंब धरायला लागला. मी त्याखाली तांब्या धरला. तेवढ्यात बाहेर कुदळीचा आवाज ऐकू आला. कनात बाजूला करून बघितलं तर पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेले आबा आमच्या भोवती चर खणत होते.

"वरनं कापड राखंल," ते पावसातून ओरडले, "पर खालनं पाणी आलं म्हंजी काय कराल?"

चर विहिरीच्या उताराकडे काढून दिल्यावर त्यांनी कडब्याच्या दोन पेंढ्या आत सरकवल्या. "खाली घाला. भुई गार हाय." ह्यांनी बसल्या जागी हात जोडले. आबा तोवर गेलेही होते.

कडबा पसरताना ह्यांना खोकल्याची उबळ आली. लांबली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, उबळ थांबल्यावर उशाशी ठेवला. मी कंदील नीट करायचं निमित्त करून रुमाल उजेडात धरला. पांढरा होता.

"काय दिसलं?" ह्यांनी विचारलं.

मी चपापले. "काही नाही."

"रोज बघतेस?"

"रोज."

त्यांनी शिवणीखालचा तांब्या उचलला आणि म्हणाले, "तू पड जरा. मी धरतो."

पाऊस तासाभरात ओसरला. जमीन कोरडी राहिली होती. मी झोपले की नुसती पडले होते, आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. सडकेला लागल्यावर ह्यांची सायकल माझ्या पुढे गेली, ती दौंडच्या रेल्वेफाटकापर्यंत पुढेच राहिली. वन्सं दारातच उभ्या होत्या. मुलं त्यांच्या मागे, सांगून ठेवल्यासारखी.

"तंबू का परत पाठवलास रे?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"जड होता, अक्का."

"एवढंच?"

"एवढंच नाही."

वन्संनी पदर तोंडाशी नेला. आम्ही मागच्या अंगणात आमचा तंबू ठोकला. जेवण त्यांनी तिथेच आणून वाढलं.

सकाळी मी बाहेर आले तर मागच्या पडवीत बाज टाकलेली होती, आणि तिच्यावर डोक्यापर्यंत गोधडी ओढून वन्सं निजल्या होत्या. यजमान ड्युटीवर, मुलं आत, आणि वन्सं एवढ्या थंडीत बाहेर, आमच्या तंबूकडे तोंड करून. उठल्यावर त्यांनी चहा केला, तीन कप एकाच ताटलीत घेऊन आल्या आणि तंबूच्या दाराशी जमिनीवर बसून आमच्याबरोबर प्यायल्या. आत या, असं त्यांच्यानं म्हणवलं नाही. आम्हीही त्यांना ते म्हणायला लावलं नाही. ह्यांनी त्यांना खुटबावचा पाऊस सांगितला. रुमालाचं तेवढं गाळून.

दुपारी एसटीच्या टपावर सायकली चढवून आम्ही घरी परतलो. पंधरवड्यानं छातीचा फोटो काढायला पुण्याला गेलो. बाहेरच्या बाकावर बसून मी त्या पावसाला, दवाला, होडीवरच्या वाऱ्याला शिव्या देत होते. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "मागच्यापेक्षा छान आहे. काय केलंत?"

"सायकल चालवली," हे म्हणाले.

जूनमध्ये हायस्कुलानं ह्यांना परत घेतलं. पुढे फोटो दर वर्षी काढायचो, दर वर्षी स्वच्छ यायचा. तरी हे एकदा खोकले की मी हातातलं काम थांबवून दुसरा खोकला येतो का ते ऐकत उभी राहायचे. रुमाल बघायची सवय मात्र मी सोडली. निदान त्यांच्या देखत तरी.