दोरे सोडले ते मीच

आमच्या तामसीत मंजुषाले लोक अजूनबी "दोरेवाली पोट्टी" म्हनतात. तिच्या हाताखाली शिकलेले कुठं कुठं प्रोफेसर झाले, पन गावाले त्याचं काय! मी तिची काकू, कुसुमबाई. माय लवकर गेली, म्हनून मीच वाढवली तिले. तवा माह्याच तोंडून आयका.

पोट्टी पेशींचा अभ्यास करे. "काकू, रुईचा एक एक तंतू म्हंजे एकच पेशी वं. बोंडात बसल्या बसल्या वीस-पंचवीस दिवस नुसती लांब होत जाते." मी म्हनलं, चाल, मले नको शिकवू, जल्म गेला माहा कापूस येचन्यात! मंग तिनं ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडलं अन मले वाकवलं. अगं माय! दुधासारखी लांब नळी, अन आत कायीतरी हळूहळू वाहून राह्यलं. मी किती येळ वाकून होती कोन जाने, चुलीवरचं वरन करपलं. तवापासून डोळे मिटले का मी त्या नळीतून चालत राह्यते. पायाखाली मऊ मऊ, दोन्हीकडून उजेड, अन वाट कायी संपत नाई. हासू नका, खरं सांगून राह्यली.

तिच्या पीएचडीचा शेवटचा हंगाम होता. हा गेला का सारंच गेलं. रोज सकाळी धुक्यात ती वावरात जाये, अन त्या दिवशी उमललेल्या पांढऱ्या फुलाच्या देठाले दोरा बांधे. रोजचा रंग येगळा. कोनतं बोंड किती दिवसाचं, ते पुढं दोऱ्यावरून कळे. पन हे बाईसाहेबांनं मले सांगावं ना! एक दिवस ती आदिलाबादले गेली अन मी वावरात पाय टाकला. पाहते तं पऱ्हाटीले लाल दोरे, पिवळे दोरे, अन काळे! माह्या लेकरावर कोनी करनी केली! देवाचं नाव घेत एक एक दोरा सोडला अन ओढ्यात सोडून देला.

सांजच्याले परत आल्यावर मंजुषा वावरात जाऊन आली ते पांढरीफटक.

"राहीबाईचंच काम हे, वावरात तिच्याबिगर जाते कोन! उद्यापासून तिले येचाले बोलावू नको."

राहीबाई आमची जुनी येचनारी. बिचारी दारातच उभी होती. मी भाकर थापत होती, हात थांबला. इकडं आड, तिकडं विहीर. सांगावं तं पोट्टी जल्मभर माहं तोंड पाहनार नाई, न सांगावं तं गरीब बाई खोटी ठरते.

"तिले बोलू नको," मी म्हनलं. "दोरे सोडले ते मीच."

पोट्टी रडली नाई, भांडली नाई. भरल्या ताटावरून उठून गेली. भांडली असती तं बरं झालं असतं.

सकाळी मी तिच्या मांगं मांगं वावरात गेली. "चुकलं माहं. पन वय बोंडालेच इचार ना! हे थोरलं. वरच्या फांदीवरचं तीन दिवसानं धाकटं. अन याच फांदीवरचं पुढचं सहा दिवसानं."

ती थबकली. विहिरीपाशी पऱ्हाटीची एक ओळ माह्या हातून सुटली होती, तिथले दोरे तसेच होते. तिनं दोरे ओढनीखाली झाकले अन मले एक एक बोंड इचारलं. चाळीसातले सदतीस बराबर निघाले, तीन एका दिवसानं हुकले. तवा कुठं हासली माही बाई.

"काकू, आजपर्यंत काऊन नाई सांगितलं?"

"तू कवा इचारलं?"

हंगाम वाचला, तिचा निबंध छापला. आता लांबलांबचे पोट्टे दोऱ्यासंगं फांद्याबी मोजतात म्हने.

यंदा तिची विद्यार्थिनी सपना आली. बांधावर मंजुषा तिले सांगून राह्यली, "दोरे माह्या काकूनं सोडले. अन बोंडाचं वयबी काकूनंच सांगितलं."

मी अशी भडकली! "अवं, बारा वर्स झाले! ते पैलं कायले सांगतं पाहुनीले? निबंधातबी तसंच छापून ठेवलं!"

"पैलं लपवलं असतं, काकू, तं दुसरं कोनी खरं मानलं असतं का?"

मी सपनाच्या हातातून काळा दोरा घेतला, अन ताज्या फुलाच्या देठाले बांधला.