आठवणीतून काढलेला नकाशा

चुडाव्याच्या स्टेशनवर आबांनी मला गाडीत बसवून दिलं तेव्हा माझ्या तळहातांवर फोड होते. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती, तरी निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी शेतात घमेल्यानं माती वाहत होते. बाभळीचा कोपरा जरा उंच, विहिरीचं पाणी तिथवर पोचायचं नाही. म्हणून आबांनी मातीचा भर टाकून दांड, म्हणजे पाण्याचा पाट, उंच उचलला होता. त्यातून पहिलं पाणी बाभळीपर्यंत गेलेलं बघितलं आणि मगच मी बॅग भरली. खिडकीच्या गजाला धरून आबा म्हणाले, "पोचलीस की फोन कर माय. अन् दांडाची काळजी करू नको. तो तुजा हाय, कुनाला मोडू देत न्हाई."

मी हसले. बावीस वर्षांच्या पोरीला दांड काय करायचा होता?

आता चौथ्या मजल्यावर राहते. सोसायटीत टँकर येतो आणि त्यातलं पाणी कुठलं, हे लिफ्टमध्ये भेटणारं कोणीही विचारत नाही. दिवसभर रक्ताच्या ट्यूब मशीनला लावते, रिपोर्ट अपलोड करते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाचा पाणलोट व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स दिसला. पाऊस पडतो कुठं, वाहतो कुठं, त्याला थांबवायचं कसं. कधीतरी परत जाऊ आणि आपल्या शिवाराचं पाणी आपणच अडवू, असे मनातले मांडे खात मी नाव नोंदवलं. आणि उत्साहाच्या भरात तीच लिंक वैशालीला पाठवली. माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

वैशाली ही माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेर सेलूच्या बाजारपेठेत. कापूस तिनं जिनिंगमध्ये ढिगानं पाहिलेला, पण झाडावर बोंड बघितलं ते लग्नानंतर. तिचा फॉर्म मी भरून दिला, फोटोसुद्धा मीच कापून बरोबर मापाचा केला.

लेक्चर रविवारी सकाळी असायचं. मी बाल्कनीत हेडफोन लावून बसायची आणि ती आमच्या बांधावरून, नेटवर्क जिथं धरतं तिथून. एकदा सरांनी जमिनीचा उतार मोजून दाखवायला सांगितला. गवंडी भिंतीची पातळी बघतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी तिनं आणली होती. एक टोक तिच्या हातात. आणि दुसरं टोक धरून, चष्मा नाकावर ओढून, आबा उभे! "बरोबर हाय का गं?" असं ते तिला विचारत होते. मला आबा कायम सांगायचे, विचारलं कधीच नाही. मी कॅमेरा बंद केला. हेवा वाटला म्हणणं सौम्य होईल, माझा जळफळाट झाला. माझं शेत, माझे वडील, मीच पाठवलेली लिंक, आणि पायाला चिखल मात्र तिच्या.

पुढच्या कामात आपल्या गावच्या एका तुकड्याचा नकाशा करून पाणी कुठून कुठं वाहतं ते दाखवायचं होतं. म्हटलं, इथं ही काय मला हरवणार? या शेतात मी रांगले आहे. मोबाइलवर वरून दिसणारं शेत घेतलं आणि डोळे मिटून बाण काढले, सगळे बाभळीच्या कोपऱ्याकडे.

सरांनी दोन नकाशे शेजारीशेजारी स्क्रीनवर लावले. "एकच शेत, आणि पाणी दोन वेगळ्या दिशांना," ते म्हणाले. "तुमच्यापैकी गावात कोण राहतं?"

वैशालीचे बाण ओढ्याकडे गेले होते. तेच बरोबर होते. मी लहानपणापासून त्या शेतातलं पाणी पाहिलं ते मोटारीचं, आबा वळवतील तिकडे जाणारं. कोपरा उंच म्हणूनच तर मी माती वाहिली होती, आणि तरी डोळे मिटल्यावर आबांनी भर टाकून चढवलेल्या पाटालाच मी जमिनीचा उतार समजून बसले होते. पावसाचं पाणी कुठं जातं हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण पावसात आम्ही घरात असायचो.

"ताईंनी आठवणीतून काढलाय, सर," वैशाली म्हणाली. मला सांभाळून घ्यायलाच म्हणाली असेल. ते मला जास्त लागलं.

महिनाभरानं तिचा फोन आला. "ताई, तुमी सांगा आबांना. ठिबक आल्यापासून त्या दांडाला पानी न्हाई, पर तो आडवा पडलाय. पावसाचं पानी वरच्या अंगाला तुंबतंय, सोयाबीन पिवळं पडायलंय. फोडू म्हनलं तर आबा काई ऐकायले न्हाईत. पोरीचा हाय म्हनतेत."

खरं सांगते, मला आनंद झाला. शिकल्यासवरल्या सुनेचा नकाशा माझ्या दांडापाशी अडला होता. मी नको म्हणाले असते तर तो पुढेही तसाच अडून राहिला असता. जिभेवर 'राहू दे' आलंच होतं.

"आबांना दे," मी म्हणाले. ते आल्यावर विचारलं, "वरचं सोयाबीन खरंच जातं का?"

"जातं."

"कधीपासून?"

"लय वर्सं झाली की." मग म्हणाले, "तुला सांगून आलतो ना मी, ठेसनावर."

दर पावसाळ्यात त्यांनी तेवढं पीक सडू दिलं होतं. वैशालीला नळीचं टोक मिळालं म्हणून जळणारी मी, आणि इकडे हे. मी म्हणाले, "फोडायचा, आबा. पण पहिली कुदळ माझी."

रजा काढून गेले. भावानं स्टेशनवरून मोटारसायकलवर आणलं. दोन घाव घातले आणि हाताला पुन्हा फोड आले, इतकी मऊ झाले होते मी. आबा बांधावर बसून बघत होते. मग पाणी ओढ्याकडे काढून देणाऱ्या नव्या चराची रेघ आखायची वेळ आली तेव्हा उठले आणि नळीचं त्यांच्याकडचं टोक माझ्या हातात दिलं.

हेवा गेला का? नाही गेला. संध्याकाळी वैशाली त्याच शेतातून घरी जाणार आणि माझ्या पर्समध्ये परतीचं तिकीट, हे डोक्यातून निघत नव्हतं. पण नळीतलं पाणी माझ्याकडे आणि तिच्याकडे हेलकावत होतं, आणि ते थांबल्याशिवाय रेघ आखता येत नव्हती.

"ताई," पलीकडून वैशाली ओरडली, "आता हलू नका."

मी हलले नाही.