कीटण काढलं तं दात पडते?

“बाई, तुम्हाला पायोरिया झालाय,” डाक्टर म्हणाले. पायोरिया म्हणजे हिरड्या सडायचा रोग. हिरडी सुजते, रगत येते, मंग दात हलते अन् एक दिवस भाकरीसंगं हातात येते. तुमच्यापैकी कोणाले हे सुरू झालं असन तं घाबरू नका. मी घाबरली तितकं पुरे.

वाशीमजवळ आमचा भाजीचा मळा. मी तवा तिशीतली. थुंकीत रगत दिसे, तोंडाले वास येये. सासूनं उपाय सांगितला, “मिसरी जास्त लाव, दुखणं मरते.” मिसरी म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड. लावली का हिरडी बधीर होये अन् मले वाटे, बरं झालं. सकाळी एकदा लावत होती, ते चारदा लावू लागली. काय अक्कल म्हणावी!

सासूचे चाळिशीतच दात गेले होते. खालचे तीन राहिले. हुरड्याच्या दिवसात सगळे शेतात बसून खात, अन् ती नुसती कणसं चोळून आमच्या हातावर दाणे ठेवे. माही बी हेच गत होईन, हा घोर मले लागला होता.

दाताचे डाक्टर अकोल्याहून दर बाजाराच्या दिवशी गाडीनं येत, ठेसनाजवळच्या खोलीत बसत. भाजी विकून मी टोपली दाराशी ठेवली अन् आत गेली. त्यांनी तोंडात छोटा आरसा घालून एकेक दात पाहिला, बोटानं हालवला.

“सगळे काढा लागते का?” म्या विचारलं.

“एकच दाढ काढू. बाकीचे वाचतील, पण मिसरी बंद करा.”

मंग त्यांनी स्केलिंग केलं. म्हणजे दातावरचं कीटण लोखंडी हत्यारानं खरडून काढणं. ते त्याले टार्टर म्हणत. दगडावाणी घट्ट होते अन् त्याच्याखाली हिरडी सडते. खरखर आवाज थेट कानात जाते, टोचते, झोंबते. पण सहन होते, खरं सांगते. गुळणी केली का पाणी लाल. त्या दिवशी खालचेच दात झाले. वरचे पुढच्या बाजाराले.

घरी येऊन आरशात पाहिलं तं दाताच्या मधात फटीच फटी! जिभेनं ढकलला तं दात हालला. सासू खवळली. “त्या मेल्यानं तुह्या दाताचा टेकाच काढला व! कीटणानंच दात धरून रायते. पुन्हा गेली तं पाय मोडीन तुहे.”

मले बी तेच पटलं. रडली, डाक्टरले शिव्या देल्ल्या अन् दोन बाजार तिकडं फिरकलीच नाही. मिसरी पुन्हा सुरू. खाली झोंबे म्हणून वरच्याच दाताले लावत होती.

तिसऱ्या आठवड्यात भाकरीसंगं कांदा खाताना कांद्यावर रगत दिसलं. बोट लावून पाहिलं. वरची हिरडी वाहून राह्यली होती, साफ केलेली खालची कोरडी. दोनदा पाहिलं. मंग सासूले न सांगता डाक्टरकडं गेली.

डाक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “फट आधीचीच होती, बाई. कीटणानं बुजली होती. कीटण दात धरत नाही, सैल करतं.” वरचे साफ झाले, दाढ निघाली, मिसरी सुटली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. “अन् दर सहा महिन्यांनी या. दुखत नसलं तरी या.” दुखत नाही तं डाक्टरकडं काहून जावं, हे मले लई दिवस समजलं नाही. जाऊन पाहिलं तं दहा मिनिटाचं काम. पाहते, थोडं खरडते, झालं. त्या डाक्टरचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या हुरड्याले मी मुठीमुठीनं दाणे चावून राह्यली होती. सासू माह्या तोंडाकडं पाहत बसली. मंग म्हणे, “माह्या तीन दाताले पाहीन का व तो डाक्टर?”

मी घेऊन गेली. डाक्टरनं तिन्ही दात तितक्याच मन लावून साफ केले, अन् म्हणाले, “हे टिकतील, आजी.” ती बाहेर आली, टोपलीपाशी बसली, जिभेनं चाचपत राह्यली.

“मले हे मी तुह्या वयाची होती तवा कोणी काहून नाही सांगितलं व?”

म्हणून मी तुमाले आताच सांगून राह्यली.