औशाच्या रस्त्यावरची शिकवणी

डॉ. कमलताई सोनकांबळे पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला तेव्हा मी औशाजवळच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. दवाखान्याला जीप मिळाली होती, ड्रायव्हरची जागा मात्र रिकामीच होती. देगलूरहून बदलून आलेल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी किल्ली मागून घेतली. तीच आमची पहिली ओळख.

त्या वर्षी दुष्काळ पडला. टँकरच्या पाण्यावर गावे जगत होती आणि गॅस्ट्रोची साथ हटत नव्हती.

"सिस्टर, उद्या मीच आजारी पडले तर जीप कोण चालवणार?" असे म्हणून मॅडमनी मला शिकवायला घेतले. माझी नजर सारखी बॉनेटवर, त्यामुळे सरळ रस्त्यावरही जीप नागमोडी जाई. "बॉनेट कुठं पळून जात न्हाई. लांब बघा, रस्ता संपल्यावानी दिसतो तिथं," त्या म्हणत. वळण आले की सांगत, "आता आतली कड धरा नजरेत. हात आपोआप वळतेत."

मला परवाना मिळाला आणि थोड्याच दिवसांत गंगूबाई नावाच्या बाळंतिणीला लातूरला हलवायची वेळ आली. जुलाबांनी तिची नाडी हाताला लागत नव्हती. मॅडम सलाईन धरून तिच्याजवळ मागे बसल्या. जीप मी घेतली. ओढ्याजवळच्या डाव्या वळणावर समोरून टँकर आला. माझी नजर त्याच्यावरच खिळली आणि जीप तिकडेच ओढली जाऊ लागली.

"टँकरकडं बघू नका. डावी कड बघा," मागून मॅडमचा शांत आवाज आला.

मी डावीकडे पाहिले. हात वळले. टँकरमधले पाणी हिंदकळून माझ्या अंगावर आले.

"एवढं पाणी वाया गेलं बघा," मॅडम म्हणाल्या. गंगूबाई वाचली.

दुसऱ्या दिवशी मी जीपला हात लावायला तयार नव्हते. मॅडम रागावल्या नाहीत. घरून भाकरी अन् ठेचा घेऊन आल्या. मला शेजारी बसवून त्यांनीच जीप त्या वळणापर्यंत नेली. तिथे बाभळीखाली बसून आम्ही जेवलो. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. परत जीप मीच आणली.

मॅडम निवृत्तीनंतर नांदेडला राहतात. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी भेटायला गेले, तर तक्रार करू लागल्या, "पोरं गाडी चालवू देईना गेलेत. तुम्ही चालवा, सहस्रकुंडचा धबधबा बघायला जाऊ."

या पावसाळ्यात आम्ही जाणार आहोत. मॅडमची प्रकृती ठणठणीत राहो, आणि असे पुष्कळ पावसाळे त्यांना गाडीत शेजारी बसवून फिरवण्याचे भाग्य मला लाभो.